पट्ट्यांची फाइल पुन्हा पुन्हा का बिघडते?

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात आमचे गुळाचे अडत दुकान आहे. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत करून घेतलेल्या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर चार संगणक चालतात. त्यांपैकी तीन पेढीवर आहेत आणि एक काट्याजवळ आहे. डेटा माडीवरच्या सर्व्हरवर, सामायिक फोल्डरमध्ये असतो. हंगामात महिन्यातून दोन-तीनदा, बहुधा सौदे आटोपल्यावर पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशेब) करण्याच्या घाईत, पट्ट्यांची फाइल उघडत नाही आणि ‘नॉट अ टेबल’ असा संदेश येतो. कधी पंधरा-पंधरा दिवस काहीही होत नाही. सर्व्हरची हार्ड डिस्क बदलून पाहिली. सर्व्हरला यूपीएसही आहे. फाइल दुरुस्त होते, पण शेवटच्या एक-दोन पट्ट्या हरवतात आणि शेतकऱ्यासमोर आमची अडचण होते. सर्व्हर नवा घ्यावा का?
— एक अडत व्यापारी, कोल्हापूर

उत्तर : नव्या सर्व्हरचा खर्च तूर्त करू नये. आपल्या पत्रावरून दोष सर्व्हरमध्ये असण्यापेक्षा त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेत असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

फॉक्सप्रोच्या अशा मांडणीत सर्व्हर केवळ फाइली सांभाळतो. पट्टीची नोंद कुठे लिहायची, ती किती नंबरची, अनुक्रमणिकेत (नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या ‘इंडेक्स’मध्ये) काय बदलायचे, हे सारे दिवाणजींच्या समोरचा संगणक ठरवतो आणि नेटवर्कवरून तुकड्यातुकड्यांनी लिहितो. एक पट्टी जतन होताना मूळ फाइल, तिच्या सुरुवातीचा मथळा आणि अनुक्रमणिकेची फाइल अशा निदान तीन ठिकाणी लेखन होते. ते अर्धवट असताना जोडणी क्षणभर जरी तुटली, तरी मागे काय राहिले याची सर्व्हरला कल्पना नसते आणि अर्धे लिहिलेले मागे घेण्याची सोयही त्याच्याकडे नसते.

बिघाड नेमका कसा दिसतो ते सांगतो. फाइलच्या मथळ्यात एकूण नोंदींचा आकडा चार बाइटांत लिहिलेला असतो. समजा मथळा 936 बाइटांचा, प्रत्येक नोंद 210 बाइटांची आणि मथळ्यातला आकडा 18,240 आहे. तर फाइल 38,31,336 बाइटांची आणि फार तर शेवटच्या खुणेचा एक बाइट जास्त, इतकीच असायला हवी. प्रत्यक्षात ती आणखी 210 बाइटांनी मोठी निघाली, तर नोंद लिहिली गेली पण आकडा वाढायचा राहिला, असे समजावे. दुरुस्ती करणारा प्रोग्रॅम आकड्यावर विश्वास ठेवून ती जादा नोंद छाटतो, आणि आपली शेवटची पट्टी अशीच जात असावी. म्हणून दुरुस्तीपूर्वी बिघडलेल्या फाइलीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याचा नियम आजपासूनच करावा. तीत पट्टी परत मिळण्याची आशा असते आणि दोषाचा पुरावाही असतो. अनुक्रमणिकाही केवळ ‘रीइंडेक्स’ करू नये. सर्व टॅग (अनुक्रमणिकेतले वेगवेगळे क्रम) काढून त्या नव्याने बांधाव्यात, कारण ‘रीइंडेक्स’ जुन्या, कदाचित बिघडलेल्या, मथळ्याच्याच आधाराने चालते.

आता वाटेकडे वळू. सर्व्हरला यूपीएस आहे, असे आपण लिहिता. पण नेटवर्कच्या ज्या स्विचमधून (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या डबीतून) सगळ्या केबल जातात, त्या स्विचला आहे का? वीज निमिषभर जाऊन आली की सर्व्हर चालू राहतो, यूपीएसवरचे संगणकही चालू राहतात, मात्र स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तेवढ्या अवधीत जोडणी तुटते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलेली फाइल दिसते ती पुढे केव्हातरी, म्हणून दोन्हींचा संबंध कोणी लावत नाही. काट्याजवळचा संगणक वायफायवर असेल, तर त्याला आधी केबल द्यावी. ती केबल मोटरच्या वायरींना लागून नेऊ नये. चारही संगणकांच्या नेटवर्क कार्डाची वीज वाचवण्यासाठी आपोआप बंद होण्याची सोय काढून टाकावी. अँटिव्हायरसच्या तपासणीतून डेटाचा फोल्डर वगळावा आणि प्रोग्रॅम सर्वत्र बंद झाल्याशिवाय बॅकअप घेऊ नये.

एवढ्याने भागले नाही, तर विंडोजच्या ‘लीजिंग’कडे पाहावे. वेग वाढावा म्हणून संगणक सर्व्हरवरच्या फाइलीचा काही भाग स्वतःजवळ धरून ठेवतो आणि लेखन थोडे पुढे ढकलतो. 2018 मध्ये विंडोज 10 च्या 1803 या आवृत्तीनंतर ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेस प्रोग्रॅमच्या सामायिक फाइली बिघडू लागल्या, तेव्हा सर्व्हरवर लीजिंग बंद करण्याचा उपाय खुद्द मायक्रोसॉफ्टने सुचवला होता. आपला प्रोग्रॅम फॉक्सप्रोचा असला, तरी फाइल वाटून घेण्याची तऱ्हा तीच आहे. याने काम थोडे मंदावेल.

मात्र हे सारे एकाच दिवशी करू नये. एका वेळी एकच बदल करावा आणि हंगामातला किमान एक महिना वाट पाहावी. महिन्यातून दोनदा होणारा बिघाड आठवडाभर झाला नाही, एवढ्यावरून तो गेला असे म्हणता येत नाही. पेढीवर एक वही ठेवून दिवाणजींना प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात : शेवटची पट्टी किती वाजता व कोणत्या संगणकावर झाली, त्याच्या आसपास वीज गेली होती का, आणि कोणाचा संगणक अडकून जबरदस्तीने बंद करावा लागला का. माझ्या अनुभवात अशा चार-पाच नोंदींनी जेवढे कळते, तेवढे महागड्या तपासणीनेही कळत नाही. जोडीला सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये (विंडोज स्वतः ठेवते त्या घडामोडींच्या नोंदीत) त्याच वेळेच्या आसपास डिस्कची वा एनटीएफएसची (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची) चूक नोंदली आहे का, हेही पाहावे. ती आढळली, तर मात्र माझा तर्क चुकीचा ठरेल आणि सर्व्हर उघडावा लागेल.

फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती 2004 ची असून तिला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी 2015 मध्ये संपला. त्यामुळे सर्व्हरसाठी बाजूला काढलेला पैसा, जिथे लेखनाचे काम सर्व्हर स्वतः करतो आणि अर्धवट नोंद आपोआप मागे घेतो, अशा डेटाबेसवर हा प्रोग्रॅम नेण्यासाठी ठेवावा. ते काम हंगाम संपल्यावर हाती घ्यावे. स्विचला यूपीएस मात्र उद्याच जोडावा.