ज्युपिटर नोटबुकमधून प्रोग्रॅमिंगचं मुक्त पाठ्यपुस्तक लिहिता येईल का?

हो, नक्की येईल, आणि शिकवण्यासाठी ते छापील पुस्तकापेक्षा सरस ठरतं. ज्युपिटर नोटबुक म्हणजे मजकूर आणि तिथल्या तिथे चालवता येणारा कोड एकत्र ठेवणारी फाइल. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ओळीने आकडे देणाऱ्या 'रेंज' या फंक्शनला १ आणि ५ दिले की आकडे ४ पर्यंतच का येतात, हे कितीही समजावलं तरी विद्यार्थ्याच्या मनात शंका उरते. नोटबुकमध्ये तो ५ च्या जागी ६ लिहितो, शिफ्ट-एंटर दाबतो आणि उत्तर त्याच्यासमोर येतं.

प्रत्येक धडा वेगळ्या नोटबुकमध्ये लिहा. ज्युपिटर बुक हे मोफत साधन त्या सगळ्या नोटबुक जोडून अनुक्रमणिकेसह वेबसाइट बनवतं.

एक चूक मात्र हमखास होते. तुम्ही एखादा सेल (नोटबुकमधला कोडचा एक तुकडा) पुसता, पण त्यातला व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली किंमत) मेमरीत तसाच राहतो. तुमच्याकडे सगळं बिनबोभाट चालतं आणि विद्यार्थ्याला पहिल्याच फटक्यात 'नेमएरर' (हे नाव माहीतच नाही, असा चुकीचा संदेश) दिसतो. नवखा मुलगा अशा वेळी स्वतःलाच दोष देतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून धडा प्रकाशित करण्याआधी कर्नल (मागे राहून कोड चालवणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली चालवून बघाच.

आणि परवाना स्पष्ट लिहा, उदाहरणार्थ क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना वापराची मुभा देणारा तयार परवाना. परवाना नसेल, तर दुसऱ्या शिक्षकाला तुमचा धडा बदलून वापरण्याचा हक्क मिळत नाही.