छोट्या चर्चमध्ये तंत्रज्ञान आणायचे तर आधी काय घ्यावे?

आपला प्रश्न असा आहे: लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आपली सव्वाशे जणांची मंडळी आहे, कमिटीने ८०,००० रुपये मंजूर केले आहेत, तरुणांना मोठा एलईडी पडदा आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण हवे आहे, तर ज्येष्ठांना यातले काहीच नको आहे, तेव्हा चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या तंत्रज्ञानाची उपयुक्ततेनुसार क्रमवारी लावून द्यावी. मी जालना जिल्ह्यातल्या एका मंडळीत सोळा वर्षे आवाजाची व्यवस्था सांभाळतो आहे; पोटापाण्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझ्या क्रमवारीत पहिला क्रमांक आवाजाचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा, तिसरा पडद्यावरच्या मराठी शब्दांचा आणि चौथा हिशेबाचा आहे. थेट प्रक्षेपण त्यानंतर येते आणि एलईडी पडदा मी यादीत घेतलेलाच नाही. क्रम लावताना मी एवढेच पाहिले की, ती वस्तू आल्यामुळे आजवर उपासनेबाहेर राहिलेले कोणते माणूस आत येते.

आवाजापासून सुरुवात करतो, कारण सोळापैकी दहा वर्षे मी त्यातच चुका केल्या. आमच्याकडे शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एक आजी होत्या. त्यांचे ‘आमेन’ नेहमी सगळ्यांच्या मागून यायचे. त्या भक्तीत रंगून जात असतील, असे आम्ही समजत होतो. एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा उलगडा झाला की त्यांना प्रार्थनेतला शब्दही नीट कळत नव्हता आणि पुढच्यांच्या माना हलल्या की त्या ‘आमेन’ म्हणत होत्या. मी स्वतः त्या बाकावर बसून ऐकले, तर मलाही निम्मेच कळले. दगडी भिंती, वर पत्रा आणि समोरच्या भिंतीवर उंच टांगलेले दोन मोठे स्पीकर, अशी आमची रचना होती. आवाज भरपूर होता, पण त्यात शब्द नव्हते.

त्यावर आमच्या कमिटीने जे केले ते बहुतेक कमिट्या करतात: आणखी मोठा ॲम्प्लिफायर आणला. त्यामुळे घुमणे वाढले आणि माइक शिट्ट्या मारू लागला. बोलण्यातला अर्थ मुख्यतः व्यंजनांवर तोललेला असतो. ‘त’, ‘क’, ‘स’, ‘ट’ यांचे आघात क्षणभराचे आणि बारीक असतात, तर स्वरांचा जाड आवाज भिंतीवरून परतत राहतो आणि पुढच्या व्यंजनावर पांघरूण घालतो. ताकद वाढवली की दोन्ही सारखेच वाढते, म्हणून हाती काही लागत नाही. स्पीकर माणसांच्या जवळ आणून त्यांचे तोंड भिंतीकडे न ठेवता बाकांकडे वळवणे, मिक्सरवर साधारण १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापणे आणि बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ माइक नेणे, एवढ्याने बरेच काम होते. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. माइक वीतभर पुढे सरकवून हे फुकट मिळते. उघडे माइक जितके जास्त, तितकी शिट्टी लवकर येते, तेव्हा ढोलकीला आणि हार्मोनियमला सव्वाशे जणांच्या सभागृहात माइक लावूच नये. आमच्या ढोलकीवाल्याला हे पटायला एक वर्ष लागले.

घुमण्यावरचा उपाय बाजारात महाग मिळतो. आम्ही खरेदी करण्यापूर्वी घरोघरच्या वाकळी गोळा केल्या आणि मागच्या भिंतीवर दोरीने टांगून पाहिल्या. सतरा वाकळी लागल्या. फरक इतका स्पष्ट होता की, महिला मंडळाने नंतर त्याच मापाचे जाड पडदे शिवून दिले. पत्र्याखाली छत करता आले तर पावसाळ्यातही उपदेश ऐकू येतो. आमच्याकडे ते अजून झालेले नाही, त्यामुळे सर कोसळू लागली की पाळकसाहेब गीत सुरू करतात.

सुधारणा झाली की नाही हे कसे ओळखावे? ‘ऐकू येते का?’ असे विचारले तर माणसे संकोचाने हो म्हणतात. आम्ही बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ वापरतो. नेहमीच्या उताऱ्यात न ऐकलेला शब्द माणूस अंदाजाने भरून काढतो, पण अम्मीनादाब, नहशोन, सल्मोन, जरुब्बाबेल ही नावे अंदाजाने भरता येत नाहीत. संडे स्कूलच्या चार मुलांना चार कोपऱ्यांत वही देऊन बसवावे, व्यासपीठावरून नावे एकदाच वाचावीत आणि वह्या तपासाव्यात. पहिल्या वेळी आमच्या शेवटच्या बाकावरच्या मुलाने बारापैकी तीन नावे बरोबर लिहिली होती. वाकळी टांगून आणि स्पीकर हलवून झाल्यावर दहा. परीक्षकाचा पेशा असल्याने मला या पद्धतीचे जरा जास्तच कौतुक आहे, हे मान्य करतो.

दुसऱ्या क्रमांकावर ध्वनिमुद्रण पाहून आपल्या तरुणांना आश्चर्य वाटेल. मराठवाड्यातली मंडळी वर्षभर एका जागी नसते, हे त्यामागचे कारण आहे. दसरा-दिवाळी उलटली की आमच्यातली कित्येक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. नाताळ बरोबर मध्ये येतो. फडात पहाटे काम सुरू करणारा माणूस रविवारी साडेनऊ वाजता मोबाइलसमोर बसून थेट उपासना पाहू शकत नाही. रात्री कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, परतल्यावर मात्र तो पंचवीस मिनिटांचा संदेश ऐकतो. एकाच ध्वनिवाहिनीवर (मोनो) सेकंदाला ३२ किलोबिट दराने साठवलेला असा संदेश सुमारे ६ मेगाबाइटचा होतो आणि कमकुवत नेटवर्कवरही व्हॉट्सॲपवरून उतरतो. सेकंदाला दीड मेगाबिट दराने चालणारे तासाभराचे चित्रप्रक्षेपण पाहायचे तर सुमारे ६७५ मेगाबाइट खर्च होतात. मिक्सरमधून थेट केबल काढून जुन्या मोबाइलमध्ये मुद्रण करावे, त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवावे आणि आरंभी तारीख व वचन बोलून ठेवावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ही बोललेली तारीखच शीर्षकाचे काम करते.

पडद्यावरच्या शब्दांकडे येतो. प्रोजेक्टर घेणे सोपे आहे. गीते टंकित करणे हे खरे काम आहे. आमच्याकडे ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली दोनशेहून अधिक गीते कोणीतरी पूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टंकून ठेवली होती. संगणक बदलला आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा चिवडा उमटला, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरसंचात, रूपांतर केल्यावरही ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ आणि ‘तारणाऱ्या’चे ‘तारणार्या’ झालेले सापडले. तो आडवा र रूपांतरात हमखास घसरतो. म्हणून प्रत्येक गीत छापील पुस्तकाशी ताडून पाहणारा एक माणूस आधी नेमावा, प्रोजेक्टर नंतर आणावा. देवनागरीची ही अडचण ख्रिस्ती मंडळीला नवी नाही. गोव्यातले धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत, कारण आपल्या लिपीचे छपाईचे खिळे उपलब्ध नव्हते. चारशे वर्षांनी आपण पुन्हा इंग्रजी अक्षरांच्या आडून मराठी लिहीत होतो, याची मला गंमत वाटते.

सॉफ्टवेअरसाठी पैसे खर्चू नयेत. गीते पडद्यावर दाखवणारे ओपनएलपी हे विनामूल्य आहे, त्यात युनिकोड मराठी चालते आणि गीते क्रमांकाने शोधता येतात. एका वेळी चारच ओळी दाखवाव्यात, पार्श्वभूमी गडद आणि साधी ठेवावी, धबधब्यांची हलती चित्रे टाळावीत. मात्र एक गोष्ट इंग्रजी चर्चसाठी लिहिलेल्या कोणत्याही मार्गदर्शनात सापडणार नाही: आपले गायन पुष्कळदा भजनाच्या अंगाने चालते. टाळ-ढोलकी रंगात आली की गाणारा कडव्यावरून ध्रुवपदावर कधी परतेल याचा नेम नसतो. त्यामुळे बटण दाबणारी व्यक्ती संगणकात हुशार असण्यापेक्षा गायनवर्गातली असलेली बरी. आमच्याकडे हे काम गाण्यात तयार असलेली अकरावीतली मुलगी करते आणि गायकाच्या श्वासावरून पुढची ओळ ओळखते.

हिशेबाबाबत थोडक्यात सांगतो. यूपीआयचा क्यूआर फलक लावायचा तर तो संस्थेच्या बँकखात्याचाच असावा. खजिनदाराच्या वैयक्तिक क्रमांकाचा फलक सोयीचा वाटतो, पण खजिनदार बदलला की भांडण सुरू होते आणि सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी असेल तर लेखापरीक्षणात उत्तर देता येत नाही. तो फलक थेट प्रक्षेपणात दाखवू नये. परदेशी नागरिकाने पाठवलेली रक्कम, तो मूळचा आपल्याच गावचा असला तरी, कायद्याने परदेशी देणगी ठरते. त्यासाठी परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या २०१० च्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. अर्पणाची थैली बंद करण्याचीही घाई करू नये. दहा रुपयांची नोट टाकणाऱ्या म्हातारीला थैलीत हात घालण्याचा मान हवा असतो.

थेट प्रक्षेपणाला माझा विरोध नाही. पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली उपासना २ जानेवारी १९२१ रोजी रेडिओवरून प्रक्षेपित झाली, म्हणजे या कल्पनेला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरपर्यंत बंद होती, तेव्हा याच मार्गाने मंडळ्या एकत्र राहिल्या. त्या वर्षी १० एप्रिलला उत्तम शुक्रवार होता. पाळकसाहेबांच्या घरातून वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना मी प्रक्षेपित केली आणि उन्हाळा असल्याने मोबाइल पंख्याखाली उभा केला. उपासना संपल्यावर परतूरहून आत्याचा फोन आला, “बाबा, पंख्यानं लई चांगला उपदेश केला.” चित्र सुरेख होते, तीन तास लोकांनी फक्त वाऱ्याचा घोंघाट ऐकला होता. मुखपृष्ठावर चित्र असले तरी प्रक्षेपणाचा कणा आवाजच आहे, आणि तो सुधारलेला नसेल तर आपला गोंधळ आपण गावाबाहेर पाठवत असतो.

पुढेमागे ते सुरू केलेत, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यूट्यूबवर मोबाइलवरून थेट जाण्यासाठी वाहिनीला किमान ५० सदस्य लागतात आणि सुविधा सुरू व्हायला एक दिवस लागू शकतो, तेव्हा नाताळच्या आदल्या रात्री वाहिनी उघडू नये. दुसरे म्हणजे, १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधीतल्या गायनाला सूट आहे, पण ती सूट इंटरनेटवर कायम राहणाऱ्या चित्रफितीलाही लागू होते असे गृहीत धरू नये. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले, त्यांच्या पदांवरच्या हक्काची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे ती निर्धास्तपणे गावीत. हल्लीच्या गीतकारांची परवानगी घ्यावी. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांच्या अडचणींसाठी केलेल्या, प्रार्थनेच्या वेळी प्रक्षेपण बंद ठेवावे. अमक्याच्या सुनेचा गर्भपात, तमक्याचे दारूचे व्यसन, हे मंडळीत विश्वासाने सांगितलेले असते. ते यूट्यूबवर राहिले तर पुढच्या रविवारी कोणी काही सांगणार नाही. मुलांचे चेहरे दाखवण्यापूर्वी पालकांना विचारावे.

ज्येष्ठांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ‘चर्च आणि इंटरनेट’ या २००२ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात इंटरनेटवर संस्कार नसतात असे स्पष्ट म्हटले आहे, आणि प्रभुभोजन पडद्यावरून घेता येते का, यावर प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही टाळेबंदीत वाद झाले. आपल्या ज्येष्ठांनाही बहुधा यंत्रांचा राग नसून बाके रिकामी होण्याची धास्ती आहे. त्यांना आधी वंशावळीच्या चाचणीला बसवा. आमच्या कमिटीतल्या सर्वांत कडव्या विरोधकाने स्वतःची वही तपासून घेतली आणि स्पीकरच्या खर्चावर पहिली सही केली.

आपल्या रकमेची विभागणी मी अशी करीन: ५०,००० आवाजावर, म्हणजे दोन मध्यम स्पीकर, साधा मिक्सर आणि दोन चांगले तारेचे माइक, २०,००० वापरलेल्या पण तपासून घेतलेल्या प्रोजेक्टरवर, ३,००० ध्वनिमुद्रणाच्या केबलवर आणि जोडण्यांवर, उरलेले ७,००० स्टॅबिलायझर, अर्थिंग आणि सुट्या केबलींसाठी. अर्थिंग आधी करून घ्यावे, नाहीतर स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण येत राहील आणि दुकानदार आपल्याला नवीन मिक्सर घ्यायला सांगेल.