आधी आकृती, मग सूत्र

नववीत भूमितीचा पेपर वेगळा असतो म्हणून घाबरू नकोस. उदाहरण वाचलंस की सूत्राच्या मागे धावू नको. आधी मोठी आकृती काढ, दिलेलं सगळं तिच्यावर लिही, काढायचंय तिथे प्रश्नचिन्ह टाक.

वाडीत कुणाचं घर बांधायला काढलं असेल तर पाया आखताना जरूर जाऊन उभी राहा. गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फुटांवर खूण करतो, दुसरीवर 4 फुटांवर, आणि खुणांमधलं अंतर टेपने मोजतो. बरोबर 5 फूट भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. कमी भरलं तर लघुकोन झालाय, दोरी बाहेर सरकवायची. मगच जांभ्याचे चिरे बसतात. 3 चा वर्ग 9 अधिक 4 चा वर्ग 16 म्हणजे 5 चा वर्ग 25, म्हणून कोन काटकोन; हाच पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे उलट विधान! मला तो फळ्यापेक्षा तिथेच जास्त पटला.

संख्यांचंही तसंच. नारळांचे 6-6 चे वाटे केले तरी 5 उरतात, 8-8 चे केले तरी 5. तर निदान किती नारळ? उरलेले 5 बाजूला ठेव. बाकीच्यांना 6 नेही भाग जायला हवा, 8 नेही. लसावि 24, म्हणून 29. आणि बाळा, ताळा करून बघितल्याशिवाय पान उलटू नकोस.