सोलापूरवरचा पॉलिसी प्रोजेक्ट करिअरला कामाला येईल का?

(पत्र थोडक्यात: मी सोलापुरात बीए इकॉनॉमिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मिळून 'सोलापूर पुन्हा उभं कसं करायचं' यावर पॉलिसी प्रपोजल करतोय. बाबा म्हणतात हे उद्योग सोड, एमपीएससीचा क्लास लाव. यात करिअर आहे का?)

अगं आहे की. पण सोबत पाठवलेल्या प्रपोजलवर नाही होणार, स्पष्टच सांगते. १८७७ ची जुनी गिरणी, नंतरची नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, सगळ्या एकेक करून बंद पडल्या, पोरं पुण्याला गेली, हे मस्त लिहिलंय आणि पुढच्याच स्लाइडवर डायरेक्ट आयटी पार्क! जागा कुणाची, पैसे बजेटच्या कुठल्या हेडमधून, सही कुणाची, काहीच नाही. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर होतं, त्यामुळे मोठमोठ्या आयडिया तिथल्या ऑफिसांनी भरपूर बघितल्यात.

मला आवडली ती तुझी शेवटून दुसरी ओळ, पाणी यायच्या दिवशी शेजारच्या काकूंच्या घरी वळून होणाऱ्या विड्या कमी होतात म्हणून. तो विषय घ्या ना! विडीची मजुरी हजारावर मिळते. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, मग कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे खराब निघाल्या की बाजूला, आणि त्यात नळाची वाट बघत अर्धा दिवस गेला तर तेवढे पैसे बुडाले. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, ते रोज देणं तुमच्या हातात नाही, पण कुठल्या गल्लीला किती वाजता सोडणार हे आदल्या दिवशी मोबाइलवर कळवायला कितीसा खर्च येणारे? पन्नास घरांत महिनाभर वही ठेवा, पाणी किती वाजता आलं, त्या दिवशी विड्या किती झाल्या. पाणीपुरवठा विभागाकडे माहिती अधिकारात वेळापत्रक मागा, १० रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस. मग फक्त दोन पानी नोट लिहा, वीस स्लाइड नकोत.

ही नोट इंटरव्ह्यूत तुझ्यासाठी बोलेल. पुढे पब्लिक पॉलिसीत मास्टर्स करायचं तर टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे, बेंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल आहे, इकॉनॉमिक्सच पक्कं करायचं तर पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट. खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप बघ. मुख्यमंत्री फेलोशिपला पदवीत ६० टक्के, वय २१ ते २६ आणि वर्षभराचा अनुभव लागतो, म्हणून ग्रॅज्युएशननंतर लगेच अर्ज भरायच्या नादी लागू नको, आणि जाहिरात नीट वाच, नियम बदलत असतात. एक मात्र बाबांचं बरोबर आहे, या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या कॉन्ट्रॅक्टवरच्या असतात आणि सुरुवातीला पैसा बेताचाच. त्यांना सांग की एमपीएससी सोडत नाहीये, राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता लेखी उत्तरांची झालीये, त्यात हा अभ्यास वाया जात नाही.

आणि वही भरली की कमिशनरांच्या केबिनबाहेर जाऊन बसू नका. आधी तुमच्या भागातल्या झोन ऑफिसच्या इंजिनिअरला गाठा, तेही सकाळी लवकर, नंतर साहेब साइटवर असतात.