‘अजून जोरात घास’

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी पहिलीत आहे. शाळेत रूबी ब्रिजेसची गोष्ट सांगितली, तेव्हापासून ती रात्री उठून रडते. ‘मला त्या शाळेत घेतलं असतं का?’ म्हणून विचारते. एवढ्याशा मुलांना वर्णद्वेष शिकवायची काय घाई आहे? शिक्षिकेकडे तक्रार करावीशी वाटते. बाकी सगळं ठीक. माझी आई सध्या आमच्याकडे आली आहे, दोघींची छान गट्टी जमलीय. आंघोळीला आजीने डाळीचं पीठ लावलं की हल्ली ही स्वतःच म्हणते, ‘अजून जोरात घास.’

उत्तर : तक्रार अजिबात करू नका. पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही कौतुकाने लिहिलंत, पण मी तिथेच अडले. सहा वर्षांची पोर स्वतःचं अंग आणखी जोरात घासायला सांगते आहे आणि तुम्ही लिहिता, बाकी सगळं ठीक!

तिने काय ऐकलं ते आठवा. १९६० साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये तिच्याच वयाच्या रूबी या काळ्या मुलीला फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत मार्शलांच्या, म्हणजे सरकारी अंमलदारांच्या, पहाऱ्यात जावं लागलं. बाहेर मोठी माणसं तिच्यावर ओरडत होती. गोऱ्या आईबापांनी आपली मुलं काढून नेली आणि ती वर्षभर बाईंसमोर एकटीच शिकली. हे ऐकून तुमची लेक घरी येते, तर कोपरं, गुडघे, मान पिठाने घासली जाते. कशासाठी, हेही तिच्या कानावर पडलं असणार. ‘उन्हात खेळू नको, काळी पडशील’ हे आपल्या किती घरांत सहज म्हटलं जातं! तिने आपल्या परीने सुटका शोधली: रंग उतरला की शाळेत घेतील. धड्याने ती घाबरली, हे खरं. पण आपला रंग घालवायचा असतो, हे ती घरातच शिकली.

आज आंघोळ तुम्ही घाला. साध्या साबणाने. आणि तिच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. ‘तुला घेतलंच असतं गं’ अशी थाप नको. सांगा, ‘कदाचित नसतं घेतलं. तो नियमच वाईट होता, तुझ्या रंगात काही वाईट नाही. पुष्कळ लोक भांडले, म्हणून तो नियम गेला.’ तिच्यासाठी आज एवढं पुरे.

तुमच्यासाठी थोडं जास्त. अमेरिकी सैन्यात काम केलेल्या भगतसिंग थिंद यांनी तिथलं नागरिकत्व मिळावं म्हणून ‘मी उच्च जातीचा आर्य, म्हणजे गोराच’ असा दावा केला होता. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. गोरं ठरून आपली सोय लागली नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा काळ्या माणसांच्या लढ्यातून आला, त्याच वाऱ्यात १९६५ चा स्थलांतर कायदा झाला आणि आपल्या लोकांना दार उघडलं. तुम्ही आज तिथे राहता त्यात रूबीच्या लोकांचा वाटा आहे. मुलगी जरा मोठी झाली की हेही सांगा.

आता आईचं. त्या तुमच्या सख्ख्या आई आहेत, तेव्हा ‘सासूबाईंना कसं बोलू’ ही पळवाटही तुम्हाला नाही. मुलीच्या देखत बोला. ‘आई, हिला गोरी करायची नाही. पीठ बंद, आणि रंगावरून एक शब्दही नको.’ तुमच्या लहानपणी तुम्हालाही घासलं असेल, त्यांनाही कुणी घासलं असेल. म्हणून गप्प बसू नका. त्या चार दिवस फुगतील, फुगू द्या. लेकीला ऐकू गेलं पाहिजे, की आईने आजीला थांबवलं.