कार्बोरेटर बदलण्याआधी सायलेन्सर उघडा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला ५८ सीसीची जुनी चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, घेतलीत, गुहागरच्या वाडीत पडलेले माड आणि आंब्याच्या फांद्या कापायला. थंड असताना चालू होते, रेस दिली की दम सोडते, गरम झाल्यावर परत चालू होत नाही. साखळीतून धूर येतो, काप वाकडा जातो. आणि दुकानदार म्हणतो, नवा कार्बोरेटर टाका.

कार्बोरेटरवर एक रुपयाही आत्ता घालू नका. गरम झाल्यावर चालू न होणं हे लक्षण मला जास्त खटकतंय. मी भांडुपच्या गाळ्यात वीस वर्षं झाडं छाटणाऱ्यांची मशीनं दुरुस्त करतोय. जुन्या मशीनवर लोकांचे पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: इंजिन आतून कसं आहे हे न बघता बाहेरचे पार्ट बदलत सुटतात.

आधी स्विच बंद करा, प्लगची टोपी काढा. दोरीची मूठ धरून मशीन अलगद जमिनीवरून उचला. स्वतःच्या वजनाने ती सरसर खाली आली तर काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, गेलंय. थांबत थांबत, एकेका झटक्याने उतरली तर इंजिनात जीव आहे. मग सायलेन्सरचे बोल्ट सोडवा, तो बाजूला काढा आणि भोकातून टॉर्च मारून दोरी हळूहळू ओढा. पिस्टन वरखाली जाताना नीट दिसतो. गुळगुळीत असेल तर उत्तम. पुसट उभ्या रेघा असतील तरी चालेल. पण खोल चरे असतील, धातू वितळून फासल्यासारखा दिसत असेल, तर मशीन एकदा सीझ होऊन, म्हणजे पिस्टन सिलिंडरात जाम होऊन, गेलेली आहे. मग पिस्टन-सिलिंडरचा खर्च धरूनच पुढचा विचार करा, किंवा परत करता येत असेल तर परत करा.

सायलेन्सर हातात आहेच, तर त्याची जाळी बघा. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त घालणाऱ्याच्या हातात मशीन राहिली असेल तर ती जाळी काजळीने पूर्ण बुजलेली असते. इंजिनाला श्वासच सोडता येत नाही, रेस कुठून चढणार? जाळी वायर ब्रशने साफ केली आणि मशीन नव्यासारखी ओढायला लागली, असं मी कितीदा पाहिलंय.

पिस्टन बरा निघाला की पेट्रोलकडे वळा. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मुंबई-कोकणातल्या हवेत पाण्याला काय तोटा? जास्त पाणी झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं. चेनसॉचा फिल्टर रबरी नळीच्या टोकाला असतो आणि वजनाने तळाशीच लोळतो, म्हणजे इंजिन आधी तेच पाणी पितं. शिवाय जुन्या मशीनचं रबर हे इंधन डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलंच नव्हतं. नळी चिकट होते किंवा तडकते. टाकी रिकामी करा, तारेचा आकडा करून फिल्टर बाहेर काढा, नळीसकट बदला. किरकोळ खर्चाचं काम आहे.

आता कार्बोरेटर. रेस देताच बंद पडण्याचं बहुतेकदा कारण असतं डायाफ्राम. स्कूटरच्या कार्बोरेटरसारखा याला फ्लोट नसतो, कारण चेनसॉ आडवी-उलटी कशीही धरली तरी पेट्रोल पोचलं पाहिजे. ते काम एक पातळ रबरी पडदा करतो. चांगला पडदा मऊ असतो, बोट लावलं की आवाज न करता लवतो. जुना पडदा पापडासारखा कडक होतो आणि कडकड वाजतो. असा निघाला तर डायाफ्राम-गॅस्केटचं किट आणा. नव्या कार्बोरेटरच्या मानाने ते फार स्वस्त पडतं. पंपाच्या झाकणाखाली नखाएवढी बारीक जाळी असते, तीही धुवा. भोकांत तार घालू नका, क्लीनर मारून हवा द्या. भोक अर्ध्या केसाने मोठं झालं तरी हवा-पेट्रोलचं मिश्रण कायमचं बिघडतं.

कार्बोरेटरवरचे एच (जास्त रेसचं पेट्रोल) आणि एल (कमी रेसचं पेट्रोल) हे दोन स्क्रू अलगद बसेपर्यंत बंद करा आणि दोन्ही एकेक पूर्ण फेरा उघडा. मशीनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. मोकळ्या फुल रेसला आवाज किंचित घोगरा हवा, लाकडात शिरल्यावर साफ व्हायला हवा. शिट्टीसारखा तीव्र, स्वच्छ आवाज कानाला छान वाटतो, पण तेव्हा पेट्रोल कमी पडत असतं, आणि पेट्रोलबरोबरच ऑइलही. ही चूक मी स्वतः केली आहे. एका गिऱ्हाइकाच्या मशीनची रेस खाली येत नव्हती. मी आयडलचा, म्हणजे रेस न देता चालण्याच्या वेगाचा, स्क्रू कमी करत राहिलो आणि मशीन देऊन टाकली. जुलैत पवईला पडलेल्या पर्जन्यवृक्षावर ती दहा मिनिटांत सीझ झाली. क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं, ऑइल सील गेलेलं होतं, तिथून हवा शिरत होती आणि मी ती स्क्रूने झाकत होतो. नवा पिस्टन माझ्या खर्चाने घातला, पण त्या माणसाचे ऐन पावसातले चार दिवस बुडाले, ते मी भरून देऊ शकलो नाही. म्हणून सांगतो: रेस दिल्यावर लगेच खाली येत नसेल, किंवा आयडलवर मशीन कुशीवर वळवताच आवाज बदलत असेल, तर स्क्रूला हात लावू नका, सील तपासा.

पेट्रोलमध्ये ऑइल मोजूनच घाला. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. कुठलं प्रमाण ते मशीनवर किंवा पुस्तकात बघा. बजाज-लँब्रेटाच्या काळातला अंदाजपंचे हात इथे चालत नाही. लागेल तेवढंच मिश्रण बनवा, ते दोन आठवड्यांत संपवा आणि पेट्रोलचा कॅन फ्लॅटमध्ये ठेवू नका.

साखळीतून धूर येतो तो दोन कारणांनी: धार नाही किंवा साखळीचं वेगळं ऑइल तिच्यापर्यंत पोचत नाही. मशीन पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे. नसेल तर बार, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी, काढून त्याचं ऑइलचं भोक आणि खाच खरवडून साफ करा. गाडीचं काळं, जळकं ऑइल सर्रास वापरतात, ते वापरू नका. त्यातला धातूचा बारीक चुरा पंप खातो आणि सगळं तुमच्या हातावर, मातीत उडतं. धार गेली की साखळी लाकडाच्या ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा काढते. साखळीवर ३२५ पिच (कड्यांमधल्या अंतराचा आकडा) असेल तर ४.८ मिलिमीटरची गोल कानस घ्या, एकाच दिशेने ढकला आणि सगळे दात सर्वांत आखूड दाताएवढे करा. काप वाकडा जातोय म्हणजे बहुधा एका बाजूचे दात आखूड झालेत, नाहीतर बारची कड एकीकडे झिजली आहे. माडाचं बाहेरचं कवच फार कठीण असतं आणि खोडात वाळू शिरलेली असते, तेव्हा कानस खिशातच असू द्या.

लाकडाला लावण्याआधी चेन ब्रेक बघा. रेस देऊन पुढचा दांडा मनगटाने ढकलला की साखळी तिथल्या तिथे थांबली पाहिजे. आयडलवरही ती फिरता कामा नये. बारच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन तोंडाकडे उसळते, आणि त्या क्षणी हा ब्रेकच तुमचा गळा वाचवतो. ब्रेक चालत नसेल तर बाकी सगळं झकास असलं तरी मशीन चालवू नका. चपला घालून तर मुळीच नाही. बंद बूट, जाड पँट, डोळ्यांना चष्मा आणि कानांना मफ लागतात.

मुलुंडच्या सोसायटीतल्या गुलमोहराची फांदी छाटण्याचंही विचारलंत. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार आवारातली फांदी छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते. आधी उद्यान विभागाकडे अर्ज करा.

आज रात्री सायलेन्सर काढून टॉर्चच्या उजेडात पिस्टनचा फोटो टाका, आणि प्लगच्या टोकाचाही. कोरडा पांढरा दिसतोय की ओला काळा, ते बघून किट आणायचं की सील, ते सांगतो.