भैय्या म्हणजे भाऊच ना, मग त्यात चिडण्यासारखं काय?

तुमचा प्रश्न असा की टीममधल्या जौनपूरच्या मुलाला सगळे गमतीत भैय्या म्हणतात, परवा लंचला तो एकदम भडकला, आणि भैय्या म्हणजे भाऊ, तर यात शिवी कुठे आली.

हाक मारण्यापुरता प्रश्न असता तर मी पण हेच म्हटलं असतं. 'भैय्या, आधा किलो टमाटर' यावर कुठला भाजीवाला रुसत नाही, दिल्लीत तर रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळेच भैया. पण आपल्याकडे मुंबई-ठाण्यात हा शब्द तोंडावर कमी आणि पाठीमागे जास्त चालतो, 'ते भैय्ये', 'भैय्या लोकांनी स्टेशनबाहेर बाजार मांडलाय', तिथे भाऊबिऊ कोणी नसतो. आणि गंमत बघा, गोरखपूरचा पाणीपुरीवाला भैय्या, दूधवाला भैय्या, पण त्याच गोरखपूरचा बँक मॅनेजर आला की लगेच मिश्रासाहेब. म्हणजे माणूस यूपीचा आहे म्हणून भैय्या नाही होत, यूपीचा असून आपल्यापेक्षा खालचा वाटतो म्हणून होतो. तुमचा तो मुलगा तुमच्याच शेजारच्या डेस्कवर तेच काम करतो, तरी नावाने हाक मिळत नाही, हे त्याला कळतंच की.

आता आपल्याला लागतं ते घ्या, घाटी. मी साताऱ्याकडचा. कोकणातली माणसं आम्हाला 'घाटावरचे' म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही, घाट आहेच मधे. घाटी मसाला आम्ही स्वतः दुकानात मागून घेतो. औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलचं तर नावच लोकांच्या तोंडी घाटी आहे, अख्खा मराठवाडा 'घाटीत ॲडमिट केलंय' म्हणतो (आता संभाजीनगर, पण घाटी ती घाटीच). पण माझ्या पहिल्या नोकरीत प्रेझेंटेशन संपल्यावर टीम लीड सगळ्यांसमोर 'कंटेंट अच्छा था, बस वो घाटी ॲक्सेंट' म्हणाला तेव्हा कान गरम झाले होते. आणि मी हसलो. काय करणार, प्रोबेशनवर होतो. तेव्हा तुमच्या त्या मुलाबद्दल 'इतके दिवस तर तो पण हसायचा' हे कारण प्लीज देऊ नका. गोव्यातही महाराष्ट्र-कर्नाटकातून आलेल्या मजुराला घाटी म्हणतात ते काही कौतुकाने नाही.

कोणी म्हणेल मग पुणेकरांवर जोक मारायचे नाहीत का. मारा की. पुणेकर आहे म्हणून कोणाला खोली नाकारली किंवा स्टेशनवर चोपलं असं मी तरी ऐकलेलं नाही, उलट पुणेकर त्या जोकवर अजून चार जोक स्वतः जोडतो. भैय्याचं तसं नाहीये. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारलं होतं, हॉल तिकीट हातात असलेली पोरं ती, आणि त्याच्याही आधी साठच्या दशकात दक्षिण भारतीयांविरुद्ध शिवसेनेचं 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' होतंच, तेव्हा उडुपी हॉटेलवाला कर्नाटकचा असला तरी मद्रासीच. जौनपूरहून मुंबईला निघालेल्या मुलाला घरचे काय काय सांगून पाठवत असतील याचा जरा विचार करा, तो तुमचा शब्द हे सगळं डोक्यात असताना ऐकतो.

डिक्शनरीतला अर्थ हा बचाव कोर्टातही फारसा चालत नाही. २००८ मध्येच सुप्रीम कोर्टापुढे स्वर्ण सिंग खटला होता, एका ड्रायव्हरला जातीच्या नावाने बोलल्याचा. ते नाव म्हणजे सरकारी यादीतलं जातीचंच नाव, पण कोर्टाने सांगितलं की शब्दाचा मूळ अर्थ नाही, आज लोक तो कशासाठी वापरतात ते बघायचं, आणि अपमान करायचा हेतू होता का ते संदर्भावरून ठरेल. भैय्या काही ॲट्रॉसिटी कायद्यात येत नाही, उगाच घाबरू नका, पण बघायची पद्धत मला तीच बरोबर वाटते.

तुमचा तो मुलगा स्वतःला कधी 'हम भैय्या लोग' म्हणाला असेल तर म्हणू दे. आम्ही साताऱ्याचे मित्र भेटलो की एकमेकांना घाटी म्हणतोच, त्या टीम लीडने म्हटलेलं मात्र आजही चालणार नाही.

आणि आता मोठा सॉरी-सॉरीचा सीन करून त्याला अजून अवघडवू नका. सोमवारपासून सरळ नावाने हाक मारा, व्हॉट्सॲपवर 'भैय्या ऑफिस' म्हणून सेव्ह केलं असेल तर ते बदला, आणि दुसरा कोणी म्हणाला की तुम्ही त्याचं नाव घेऊन बोलणं पुढे न्या.